भोंग्याचा ताबा मिळण्याबाबत

विषय : नातीला सोबत नेऊन किराणा आणण्याच्या कामी झालेल्या प्रकाराचा खुलासा.

संदर्भ : १) सूनबाईंची तोंडी सूचना, गेल्या महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. २) चिरंजीवांचं त्याच वेळचं हसणं. ३) हिचा 'मला ठाऊकच होतं' हा शेरा, त्या दिवसापासून रोज, जेवणाआधी आणि जेवणानंतर.

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे नमूद करण्यात येते की, चूक माझी नव्हती. (हे वाक्य मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या खुलाशांत वाचलं आणि प्रत्येक वेळी त्याखाली लाल रेघ ओढली. स्वतः लिहिताना ते इतकं पटण्यासारखं वाटेल याची कल्पना नव्हती.)

आता सरळ सांगतो.

आमच्या घरात पाच माणसं. मी, ही, चिरंजीव, सूनबाई आणि दोन वर्षं सात महिन्यांची नात. नातीला सगळे भोंगा म्हणतात. नाव मी ठेवलं. ती जन्मली त्या दिवशी मी दवाखान्याच्या तळमजल्यावर उभा होतो, ती तिसऱ्या मजल्यावर होती, आणि तरी तिचा आवाज ऐकून मला आमच्या ऑफिसशेजारच्या कारखान्याची पाळी सुटल्यासारखं वाटलं. मी सवयीने घड्याळसुद्धा लावून घेतलं. तिचं कागदावरचं नाव चांगलं आहे, पण ते घरात कुणी वापरत नाही. तिला स्वतःला तर ते ठाऊकही नाही. सध्या तिच्या बोलण्यात एकच शब्द पक्का आहे, तो म्हणजे 'नाही'. दूध हवं? नाही. (दूध पिते.) झोप आली? नाही. (झोपते.) नकार देऊन काम करणारं माणूस मी आयुष्यात प्रथमच बघितलं, आमच्या ऑफिसात नकार देऊन काम न करणारेच होते.

सूनबाई दातांच्या डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना, म्हणजे त्याला उत्तर देणं शक्य नसताना, प्रश्न विचारायची त्यांना सवय आहे. घरातही त्या चर्चा याच पद्धतीने करतात. गेल्या महिन्यापासून त्यांचा दवाखाना शनिवारीही उघडा ठेवायचं ठरलं. चिरंजीव शनिवारी कामावर, ही शनिवारी शिवणाचा वर्ग घेते. तेव्हा भोंगा कुणाकडे?

"पाळणाघर," चिरंजीव म्हणाले.

"मी आहे की," मी म्हणालो.

यावर दोघांनी एकमेकांकडे ज्या पद्धतीने बघितलं ती अपमानास्पद होती.

पाळणाघराविरुद्ध माझं वैयक्तिक काही नाही. पण तिथे सगळ्या पोरांना अकरा वाजता झोपवतात. भोंग्याला अकराला झोप येत नाही. अकराला आम्ही दोघं खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजतो. तिला तीनपर्यंतच येतात, त्यामुळे तिसऱ्या गाडीनंतर पुन्हा एकपासून. बाहेरून हे काम क्षुल्लक वाटेल. पण निवृत्त झाल्यावर सहा वर्षांत माझ्याशिवाय अडेल असं हे पहिलंच काम माझ्याकडे आलं होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

म्हणून मी म्हणालो, "आज किराणा मी आणतो. भोंग्याला बरोबर नेतो. बघा तरी."

एवढंच. याहून जास्त मी काहीही केलेलं नाही.

चिरंजीवांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, मला तुम्ही कधी बाजारात नेलं होतंत?"

"नेलं होतं."

"मग काय झालं होतं?"

"चपलांच्या दुकानात विसरून आले होते," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

"विसरलो नव्हतो. बसवून ठेवलं होतं. दुकानदार ओळखीचा होता."

"त्याने दुकान बंद करताना आणून सोडलं हो तुला," ही चिरंजीवांना म्हणाली. "यांना जेवणाचं ताट वाढल्यावर आठवलं, एक पान कमी आहे."

यावर चिरंजीव हसले. (संदर्भ क्रमांक दोन.)

सूनबाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "एकदा नेऊन बघा, बाबा," त्या म्हणाल्या. "नीट गेलात, नीट आलात, तर शनिवार तुमचे. नाहीतर सोमवारी मी पाळणाघरात नाव घालते."

त्यांनी अकरा वस्तूंची यादी दिली आणि तीन सूचना केल्या. हात सोडायचा नाही. गाडीतल्या छोट्या सीटवर बसवून पट्टा लावायचा. फोन चालू ठेवायचा. मी तिन्ही सूचना लिहून घेतल्या, मोठ्याने वाचून दाखवल्या आणि खाली सही केली.

"सही कशाला?" सूनबाईंनी विचारलं.

"पद्धत असते."

त्या माझ्याकडे काही क्षण बघत राहिल्या. किडलेला दात ठेवावा की काढावा, हे ठरवताना त्या अशाच बघत असाव्यात.

दुकान घरापासून सहाशे पावलांवर आहे. माझ्या पावलांनी. भोंग्याच्या पावलांनी ते किती आहे हे मोजता येत नाही, कारण ती सरळ चालत नाही. प्रत्येक फाटकाची कडी वाजवून बघणे, प्रत्येक पायरी एकदा चढून एकदा उतरणे, आणि रस्त्यात पडलेली प्रत्येक वस्तू मला दाखवून तिची पोच घेणे, अशी तिची पद्धत. "आबा, काडी." "हो, काडी." "आबा, काडी." "हो." "आबा?" "काडी." मग पुढची काडी. पस्तीस मिनिटं लागली. मी मनातून खूश होतो. इतक्या बारकाईने काम करणारी एक व्यक्ती माझ्या हाताखाली असती तर आमची शाखा कुठल्या कुठे गेली असती. (पुढे गेली नसती हे खरं. पण चोख राहिली असती.)

आता दुकान. याला दुकान म्हणतात याचं मला अजून नवल वाटतं. दुकानदारच नसलेलं दुकान! मालाची कपाटंच्या कपाटं, आणि माणूस शोधावा तर सापडत नाही. सापडलाच तर म्हणतो, "हा माझा विभाग नाही." (हे वाक्य आमच्याकडून उचललेलं आहे, पण म्हणताना आमची ती सहजता नाही.) लोक ढकलगाड्या घेऊन गंभीर चेहऱ्याने फिरत असतात, आणि ज्यासाठी आले ते सोडून बाकी सगळं गाडीत टाकत असतात. मी दारापाशी छोट्या सीटची एक गाडी घेतली, भोंग्याला बसवलं, आणि सूचना क्रमांक दोनप्रमाणे पट्टा लावायला गेलो. पट्ट्याचं कुलूप तुटलेलं होतं.

शहाणा माणूस दुसरी गाडी घेतो. मी तक्रार करायला गेलो.

दाराच्या उजव्या हाताला 'मदत केंद्र' अशी पाटी होती. टेबलामागे एक बाई, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर सकाळी सव्वादहालाच दुपार झालेली. त्यांच्याशेजारी उंच स्टुलावर हिरवे बूट घातलेली एक छोटी मुलगी मुसमुसत बसली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात एक दाढीवाला तरुण धावत आला. मुलगी "पप्पा!" म्हणून ओरडली, बाईंनी तिला उचलून त्याच्या हातात दिलं, तो "थँक्यू हां" म्हणाला आणि निघाला.

झालं! नोंद नाही, सही नाही, पोच नाही. आमच्या ऑफिसात टाचण्यांची डबी द्यायची तर तीन सह्या लागत, आणि इथे अख्खं मूल दिलं.

"थांबा," मी म्हणालो.

दाढीवाला थांबला. (माझ्या आवाजात ती ताकद अजून आहे. फक्त घरात चालत नाही.)

"बाई, हे गृहस्थ कोण?"

"बाळाचे वडील."

"कशावरून?"

"अहो, ती पप्पा म्हणाली की."

"आमच्या शेजारची मुलगी पोस्टमनलाही पप्पा म्हणते."

"काका, माझीच मुलगी आहे ही," दाढीवाला म्हणाला. "आमचं दोघांचं नाक तरी बघा!"

नाक खरोखर एकच होतं. मुळात लहान, आणि शेंड्याला काहीतरी ठरवून वर वळल्यासारखं. पण मी अशा गोष्टींना कधी भुललो नाही.

"नाक हा पुरावा होत नाही," मी म्हणालो.

आवाज ऐकून टाय लावलेले मॅनेजर आले. "काय प्रॉब्लेम आहे, सर?"

सर! सहा वर्षांत मला कुणी सर म्हटलं नव्हतं. घात झाला तो इथे. मी त्यांना परिस्थितीचं गांभीर्य समजावून सांगितलं. उद्या कुणीही यावं आणि कुणाचंही मूल उचलून न्यावं, दुकानाकडे कागदाचा तुकडा नसावा, जबाबदारी कुणाची? 'जबाबदारी' या शब्दावर मॅनेजरांच्या कपाळावर घाम आला. हा शब्द कुठे वापरायचा हे मला ठाऊक आहे.

"मग काय करायला हवं, सर?"

"नमुना हवा," मी म्हणालो, आणि खिशातलं पेन काढलं.

एका जाहिरातीच्या कोऱ्या पाठीवर मी उभ्या उभ्या मसुदा लिहिला. सुरुवात अशी : 'दुकानाच्या आवारात हरवलेल्या अथवा सापडलेल्या कोणत्याही व्यक्तीचा (वय कितीही असो) ताबा देताना...'

"नुसतं मूल लिहा ना," बाई म्हणाल्या.

मी हसलो. मसुदा लिहिताना जाळं मोठं टाकायचं असतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

पुढची कलमं भराभर सुचत गेली. ताबा मागणाऱ्याने फोटोचं ओळखपत्र दाखवावं, फोटो पाच वर्षांहून जुना नसावा. सापडलेल्या व्यक्तीची जन्मतारीख आणि ओळखीच्या खुणा सांगाव्यात. त्या व्यक्तीने नातं तोंडी कबूल करावं. शंका राहिल्यास घरच्या जबाबदार माणसाला फोन करावा. नाक, डोळे, कान यांचं साम्य ग्राह्य धरू नये, हे पाचवं कलम. आणि शेवटचं, माझं आवडतं : 'कोणाचंही वय, हुद्दा किंवा आरडाओरडा पाहून सवलत देऊ नये.'

मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला. "सर, हे तर हेड ऑफिसला पाठवायला हवं." त्यांनी आतून चाळीस प्रती काढून आणवल्या आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून टेबलावर चिकटवला. पहिला नमुना दाढीवाल्याने भरला. त्याला मुलीचा जन्ममहिना आठवेना, बायको फोन उचलेना. वीस मिनिटं लागली. जाताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिला मी महत्त्व दिलं नाही. सुधारणा करणाऱ्याला हे सोसावंच लागतं.

या सगळ्यात पट्ट्याची तक्रार करायची राहून गेली.

खरेदीला लागलो. मी गाडीत वस्तू ठेवायची, भोंग्याने ती बाहेर टाकायची, अशी सुरुवात झाली. मग तिने स्वतःची खरेदी काढली. मी साबण बघत असताना फरशी पुसायचे चार ब्रश आणि मांजराच्या खाण्याचा एक डबा गाडीत आला. आमच्याकडे मांजर नाही. तांदळाच्या पोत्यापाशी तिने डाव्या पायातला बूट काढून पोत्यात फेकला. मी तो शोधून, झटकून शर्टाच्या खिशात ठेवला. अकरापैकी तीन वस्तू झाल्या होत्या. पिठाच्या कपाटापाशी ती उभी राहिली.

"खाली उतरायचंय?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि उतरली.

मी बोट पुढे केलं, तिने धरलं. सूचना क्रमांक एक. मग मी पिठाची पिशवी हातात घेतली. तिच्यावर बारीक अक्षरात मजकूर होता, आणि बारीक अक्षर दिसलं की ते शेवटपर्यंत वाचायचं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. लोक लिहितात काय! 'कोरड्या जागी ठेवावे, न ठेवल्यास कंपनी जबाबदार असेल किंवा नाही याचा निर्णय कंपनी घेईल.' हे वाक्य ज्या गाढवाने लिहिलं त्याला मी शाखेत पाणी भरायलासुद्धा ठेवलं नसतं. पुढचं वाचायला चष्मा नीट करायला हवा होता, आणि त्यासाठी मला ते बोट लागलं. क्षणभरच.

मजकूर लांब होता.

तेवढ्यात छतातून आवाज आला. "लक्ष द्या. एक छोटी मुलगी मदत केंद्राजवळ सापडली आहे. पिवळा फ्रॉक. उजव्या पायात बूट आहे, डाव्या पायात नाही. काहीही विचारलं तर 'नाही' म्हणते."

शेजारी एक बाई तेल निवडत होत्या. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली.

"काय एकेक आईबाप असतात," मी म्हणालो. "पोरीच्या पायात बूट नाही, आणि हे निघाले खरेदीला."

"हो ना," त्या म्हणाल्या. आणि माझ्या खिशाकडे बघू लागल्या.

मीही बघितलं. खिशात तीन पेनं होती, आणि पेनांच्या मधून एक डावा बूट बाहेर डोकावत होता.

मी पळालो. सहासष्टाव्या वर्षी माणूस पळतो म्हणजे फक्त त्याचा चेहरा पळतो, पाय आपल्या चालीने मागून येतात. मदत केंद्राच्या टेबलामागे भोंगा त्याच उंच स्टुलावर बसून बाईंचं ओळखपत्र चघळत होती. माझा जीव भांड्यात पडला. मी दोन्ही हात पुढे केले.

"चल गं बाई!"

"थांबा," बाई म्हणाल्या.

हा आवाज मी ओळखला. माझाच होता.

"अहो बाई, मघाशी तुमच्यासमोर हिला घेऊन उभा नव्हतो का मी?"

"होतात की. पण मघाशी ती हरवलेली नव्हती. ओळखपत्र?"

माझ्याजवळ सेवानिवृत्त कर्मचाऱ्याचं ओळखपत्र असतं. मी ते अभिमानाने दिलं. बाईंनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. फोटोत केस आहेत.

"किती जुना आहे?"

"तेवीस वर्षं."

"पाचच्या आत हवा," त्या म्हणाल्या, आणि बोट ठेवून कलम दाखवलं. अक्षर सुरेख होतं. "जन्मतारीख?"

मी ती ताड्‌दिशी सांगितली. एकोणीस तारीख. त्यांनी लिहून घेतली. मग त्या भोंग्याकडे वळल्या. "बाळा, हे कोण आहेत?"

भोंग्याने माझ्याकडे नीट बघितलं. इतकं नीट की मलाही क्षणभर शंका आली.

"हे तुझे आबा का गं?"

"नाही."

"अहो, ती सगळ्यालाच नाही म्हणते!" मी म्हणालो. "काहीही विचारा. भोंग्या, तू मुलगी आहेस?"

"नाही."

"बघा! तुला यांच्याकडे इथेच राहायचंय?" हा माझा हुकमी प्रश्न होता.

"हो," भोंगा म्हणाली. आठवड्यातला तिचा पहिला होकार.

बाईंनी तो लिहून घेतला.

"मॅनेजरांना बोलवा," मी म्हणालो.

मॅनेजर आले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणालो, "अहो, नियम मी केलेत."

"म्हणूनच, सर," ते म्हणाले. "तुम्हालाच सूट दिली तर लोक काय म्हणतील? शेवटचं कलम तर काय सुंदर आहे!"

एवढ्यात बिलाच्या रांगेतून दाढीवाला आला. खांद्यावर हिरव्या बुटांची मुलगी. त्याने माझ्याकडे बघितलं, भोंग्याकडे बघितलं आणि मोठ्या मनाने म्हणाला, "अहो, सोडा ना काकांना. नाक तर सेम आहे!"

एक क्षण मला तो देवमाणूस वाटला.

"नाक चालत नाही," बाई म्हणाल्या. "कलम पाच."

"अरेरे," तो म्हणाला. "मी विसरलोच होतो." आणि समोरच्या बाकड्यावर पिशव्या ठेवून, मुलीला मांडीवर घेऊन आरामात बसला. त्याला कुठेही जायची घाई दिसत नव्हती.

"घरच्या जबाबदार माणसाचा नंबर द्या," बाई म्हणाल्या.

मी चिरंजीवांचा दिला. चिरंजीवांनी उचलला नाही. हिचा दिला. शिवणाच्या वर्गात यंत्रांच्या आवाजात हिला फोन ऐकू येत नाही. राहिला एक नंबर. तो मला आठवत नाही असं मी सांगून बघितलं. पण तो सूनबाईंनी यादीच्या खालीच लिहून ठेवला होता, आणि यादी माझ्या हातात होती.

बाईंनी फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. (हे कलमात नव्हतं.)

"हॅलो, मॅडम, इथे एक छोटी मुलगी सापडली आहे. आणि एक आजोबा तिला मागतायत."

पलीकडे कसलंसं यंत्र घरघरत होतं, ते बंद झालं.

"मुलगी ठीक आहे ना?"

"एकदम मजेत आहे."

"आजोबा कसे दिसतायत?"

"चष्मा नाकाच्या टोकावर. खिशात पेनं."

"किती?"

"तीन. आणि एक बूट."

"कुणाशी वाद घालतायत का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. "आत्ताच थांबले," त्या म्हणाल्या.

"तेच आहेत," सूनबाई म्हणाल्या.

"जन्मतारीख त्यांनी एकोणीस सांगितली आहे."

"अठरा. त्या दिवशी ते तळमजल्यावरच होते, वर बघायला एकोणीसला आले." मग त्यांनी पलीकडे कुणाला तरी 'कापूस दाबून धरा' असं सांगितलं. "असं करा, तिला त्यांच्याकडे देऊ नका. मी येते. दोघांनाही तिथेच बसवून ठेवा."

मॅनेजर अपराधी चेहऱ्याने माझ्याकडे आले. त्यांच्या हातात दुसरा कोरा नमुना होता.

"हा कशाला?"

"सर, तुम्हालाही कुणीतरी न्यायला येतंय. तोपर्यंत तुम्ही आमच्याकडे आहात. तुमच्या नमुन्यात 'मूल' असं कुठेच लिहिलेलं नाही. 'कोणतीही व्यक्ती, वय कितीही असो' असं आहे. मी दोनदा वाचलं."

जाळं खरोखर मोठं होतं.

भोंग्याच्या स्टुलाशेजारी माझ्यासाठी दुसरा स्टूल आला. तोही उंच होता. पाय टेकत नव्हते. येणारे-जाणारे आधी तिच्याकडे बघून हसत, मग माझ्याकडे बघून गंभीर होत. बाईंनी तिला बिस्किट दिलं, आणि जरा विचार करून मलाही दिलं. भोंग्याने स्वतःचं संपवून माझं मागितलं. मी दिलं. तेवढ्या वेळात आम्हा दोघांत कोणतंही भांडण झालं नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे कुणी ते लक्षात घेतलं नाही.

सूनबाई पंचवीस मिनिटांत आल्या. अंगात पांढरा कोट, गळ्यात लोंबणारा मास्क. (मागे खुर्चीत एक गृहस्थ तोंडात कापूस धरून बसले होते, असं नंतर कळलं.) त्यांनी ओळखपत्र दाखवलं, फोटो दोन वर्षांचा. मग दोन नमुने भरले. पहिल्याला एक मिनिट लागलं. दुसऱ्यावर त्या जरा थांबल्या.

"ओळखीच्या खुणा काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"मघाशी फोनवर सांगितल्या त्याच चालतील," बाई म्हणाल्या. "आता तोंडी कबुली. बाळा, ही कोण?"

"नाही!" भोंगा म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. बाईंनी एवढ्यावर भागवलं. माझ्या बाबतीत मात्र कलम अक्षरशः पाळलं.

"आजोबा, या कोण?"

"माझ्या सूनबाई."

"यांच्याबरोबर घरी जायला तयार आहात?"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. दाढीवाला पुढे वाकून ऐकत होता.

"हो," मी म्हणालो.

"इथे सही करा, मॅडम. दोन्हींवर."

घरी जाताना सूनबाई भोंग्याला घेऊन पुढे, मी मागे. भोंगा बोलत होती. "आई, काडी." "हो, काडी." फाटकाशी पोचलो तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "बाबा, खिशातला बूट द्या."

घरी ही आलेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसली नाही, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"पीठ कुठाय?"

ढकलगाडी पिठाच्या कपाटापाशीच राहिली होती. चार ब्रश, मांजराचा डबा आणि अकरापैकी तीन वस्तू घेऊन.

सोमवारी भोंग्याचं नाव पाळणाघरात घातलं. शनिवारपुरतं.

त्याच संध्याकाळी मी फेरविचारासाठी अर्ज केला. अर्ज सूनबाईंच्या नावे, योग्य त्या मार्गाने, म्हणजे आधी चिरंजीवांकडे. चिरंजीवांनी 'सादर' एवढाच शेरा मारून पुढे सरकवला. हिने त्यावर लिहिलं, 'अर्जदारास मी बेचाळीस वर्षं ओळखते. शिफारस करता येत नाही.' सूनबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला, हे मला मान्य करायला हवं. मग म्हणाल्या, "बाबा, आधी तीनदा एकट्याने किराणा आणून दाखवा. मग बघू."

त्याप्रमाणे मी एक शनिवार सोडून एकटा दुकानात जातो. दोन वेळा जाऊन आलो. पहिल्या वेळी साखर राहिली. दुसऱ्या वेळी सगळं आणलं, पण पिशवी दुसऱ्या कुणाची तरी निघाली. दारातून आत शिरलं की मदत केंद्रातल्या त्या बाई हात वर करून हसतात, आणि पहिल्या वेळी मी समोर जाताच त्यांनी काळजीने विचारलं, "आजोबा, घरी सांगून आलात ना?"

मी सांगून आलो होतो.

अर्ज देऊन आज एकोणतीस दिवस झाले. मी एक स्मरणपत्रही दिलं. त्यावर लेखी उत्तर आलेलं नाही. तोंडी विचारलं तेव्हा सूनबाई हात धूत होत्या, त्या म्हणाल्या, "बघू." हे उत्तर मी स्वतः चौतीस वर्षं लोकांना देत आलो, त्यामुळे त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही. अर्ज प्रलंबित आहे.